फुटाला इंच

कोकणातल्या पडवीतला झोपाळा एकदा पुढे जाऊन परत जागेवर येतो, त्याला पावणेतीन-तीन सेकंद लागतात. कड्या साडेसहा फुटांच्या आणि फळी ऐसपैस असली की दुपारच्या जेवणानंतर डोळा लागावा असाच तो वेग असतो. त्याच झोपाळ्याची बाहुलीघरासाठी बाराव्या हिश्शाची प्रतिकृती करावी. साडेसहा इंचांच्या कड्या, पाच इंच लांब आणि दोन इंच रुंद फळी, सगळं अगदी मापात. मग तो बोटाने हलकेच ढकलावा. तो ०.८ सेकंदात जाऊन येतो, लगबगीने, कुणीतरी मागे लागल्यासारखा. पडवीतली ती सगळी दुपार एका झोक्यात निघून जाते.

फळीखाली शिशाचा तुकडा लावला तर झोका संथ होईल असं वाटतं. होत नाही. लंबकाला वजनाशी देणंघेणं नसतं, लांबीशी असतं. लांबी बारापट घटली की झोक्याचा वेळ जवळजवळ साडेतीनपट घटतो. शिसं लावावं लागतंच, पण वेगळ्या कारणासाठी. एवढ्याशा फळीच्या भाराने कड्यांचे दुवे ताठ होत नाहीत, रंगाच्या थराने आखडून वाकडेतिकडे लोंबतात. गळाला लावतात ते २५-३० ग्रॅमचं शिसं ठोकून चपटं करावं आणि फळीच्या पोटात खोबणी करून बसवावं, म्हणजे कड्या सरळ येतात. संथ झोका हवाच असेल तर मोबाइलवर चित्रण करून ते साडेतीनपट हळू दाखवायचं. एरवी झोपाळा स्थिर ठेवावा, एक टोक किंचित पुढे. कुणी तरी आत्ताच उठून आत गेल्यासारखा.

बाहुलीघराचं सगळं काम या झोपाळ्यात आलं. माप लहान करणं हा पट्टी-पेन्सिलीचा हिशोब आहे, तो एका दुपारी होतो. पण लाकडाची रेघ, कापडाची चूण, पाण्याचा थेंब, धुळीचा कण यांचे स्वभाव मापाबरोबर लहान होत नाहीत. कुठे त्यांच्याशी जुळवून घ्यायचं आणि कुठे त्यांना चकवायचं, हे ठरवण्यात महिने जातात, आणि ते महिने फार सुखाचे असतात.

फुटाला इंच, म्हणजे १:१२, हे माप जगभर चालतं. इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजवाड्यात ठेवलेलं राणी मेरीचं बाहुलीघर याच मापाचं आहे. १९२१ ते १९२४ या काळात ते झालं. आराखडा एडविन ल्यूटेन्स यांचा, जे त्याच सुमारास नव्या दिल्लीच्या इमारतींचं काम पाहत होते. त्या घरात वीज आहे, नळाला खरं पाणी येतं. नळ बाराव्या हिश्शाचा करता आला. थेंब कुणालाच करता येत नाही. एवढ्या बारीक तोटीतूनही पृष्ठताणामुळे थेंब अडीच-तीन मिलिमीटरचा झाल्याशिवाय सुटत नाही, आणि त्या घराच्या मापात तो लिंबाएवढा होतो. म्हणून आपल्या घागरीत पाणी दाखवायचं तर रेझिनचं, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक रसायनाचं, दाखवावं. तेही एका दमात ओतू नये. दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यावा, तो पूर्ण घट्ट झाल्यावर दुसरा. जाड थर तापतो, त्यात बुडबुडे धरतात आणि कधी तडा जातो. शिवाय रेझिन भांड्याच्या कडेला वर चढतं. दीड मिलिमीटर चढलं तरी त्या मापात पाऊण इंच झालं, आणि घागरीत पाण्याऐवजी खळ घातल्यासारखी दिसते. शेवटचा एक थेंब टाचणीने बरोबर मधोमध सोडला की पातळी सारखी होते.

पहिल्यांदा करताना वाडा काढू नये. कोकणी घराची पडवी आणि स्वयंपाकघर एवढंच घ्यावं. तेवढ्यात दगड, माती, लाकूड, कौल, तांबं, कापड सगळं हाताखालून जातं. रुंदी ४० सेंटिमीटर. पुढून मागे मापं अशी: पडवी १५, मधली भिंत ३, स्वयंपाकघर २४, मागची भिंत ३, एकूण ४५. खाली ६० x ७० सेंटिमीटरचा १२ मिलिमीटर जाड प्लायवूडचा पाट, म्हणजे अंगणाला आणि तुळशीवृंदावनाला जागा उरते. विदेशी बाहुलीघरांचा पुढचा दर्शनी भाग दारासारखा उघडतो. या घराला तसं करू नये. बाजूची भिंत काढता येईल अशी ठेवावी, ५ मिलिमीटरच्या चार चुंबकांवर. मग बाजूने पाहिलं की पडवी, उंबरा आणि चूल एका ओळीत दिसतात, आणि बाहेरचा उजेड आत जाता जाता कसा विझत जातो तेही दिसतं.

आधी पूर्ण घर पुठ्ठ्याचं करून बघावं. हा वेळ वाया गेला असं कुणालाही नंतर वाटत नाही. दार नेहमी उंच झालेलं असतं. जुन्या घरांची दारं वाकून आत जावं अशी, साडेपाच फुटांची. म्हणजे १४ सेंटिमीटरही पुरे. आणि भिंत नेहमी पातळ झालेली असते. जांभ्या चिऱ्याची भिंत फूट-सव्वा फूट जाड असते, तेव्हा इथे ती अडीच ते तीन सेंटिमीटर हवी. ६ मिलिमीटरचा एकच एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा तक्ता) उभा केला की कितीही सुरेख रंगवा, ते खोकंच दिसतं. दोन बाजूंना ३ मिलिमीटरचे तक्ते आणि मध्ये पट्ट्यांची चौकट, अशी पोकळ भिंत करावी. जाडी खिडकीच्या आणि कोनाड्याच्या कडेला दिसते, तिथे घर घरासारखं वाटायला लागतं. पोकळीतून दिव्याच्या तारा नेता येतात हा वरचा फायदा.

फेविकॉलमध्ये पाणी असतं हे विसरायचं नाही. पातळ लाकडाच्या एकाच अंगाला लावलं की ते अंग फुगतं आणि फळी होडीसारखी वाकते. म्हणून दोन्ही अंगांना सारखा थर द्यावा, दोन सपाट फरशांमध्ये रात्रभर दाबून ठेवावं. झटपट चिकटणारा डिंक खिडकीच्या पारदर्शक पत्र्याजवळ नेऊ नये. त्याच्या वाफेने पत्र्यावर पांढरट साय धरते, ती पुसून जात नाही. आणि थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारला तर तो डोळ्यांदेखत विरघळतो.

भिंतीला बाहेरून चिरा उघडा ठेवायचा असेल तर एक चिरा ३२ x १९ मिलिमीटरच्या आसपास घ्यावा. जांभ्याला भोकं असतात, पण ती टाचणीने एकसारखी टोचली की भिंत चाळणी दिसते. तांबडी माती आणि फेविकॉल यांचा गिलावा ओला असताना जुन्या दातब्रशचे उभे ठोके द्यावेत, कुठे दाट, कुठे विरळ. आतून चुना. साध्या पांढऱ्या रंगात निळीचा अगदी टाचणीच्या डोक्याएवढा अंश टाकावा, खाली गेरूचा तीन इंची पट्टा. गिलावा एक मिलिमीटरपेक्षा जाड झाला की सुकताना तडकतो. त्यातला एखादा तडा मात्र बुजवू नये.

आता कौलं. या घराचा जीव त्यांच्यात आहे, म्हणून इथे घाई नको.

मंगळुरी कौल साधारण ४१ x २३.५ सेंटिमीटरचं असतं. बाराव्या हिश्शात ३४ x २० मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटरच्या जरा वर. कौलं एकमेकांवर चढत असल्यामुळे प्रत्येकाचा दिसणारा भाग २७ x १७.५ मिलिमीटर उरतो. वळचणीसकट आपल्या घराच्या एका पाख्यावर २६ कौलांच्या ११ ओळी बसतात, २८६. दोन्ही पाखी मिळून ५७२, शिवाय आढ्यावरची. करताना ६५० करावीत, कारण फुटतात, वाकतात, आणि रंग लावल्यावर काही नकोशी होतात.

मिश्रण घरी होतं: एक वाटी फेविकॉल, एक वाटी कॉर्नफ्लॉवर, चमचाभर गोडेतेल, चमचाभर व्हिनेगर. मंद आचेवर ढवळत राहायचं, कडा सोडून गोळा झाला की उतरवायचं आणि कोमट असताना मळायचं. सुकताना हे आकसतं, आणि किती ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. तेव्हा साचा करण्याआधी बरोबर ५० मिलिमीटरची पट्टी करून तीन दिवस सुकवावी. ती ४४ भरली तर आकसणं १२ टक्के. मग साचा ३८.६ x २२.७ मिलिमीटरचा हवा. हे न करता ३४ मिलिमीटरचा साचा केला की कौलं ३० ची होतात, आणि सहाशे कौलं झाल्यावर ते कळतं. बारा खणांचा सिलिकॉनचा साचा केला तर तो ५५ वेळा भरावा लागतो. सुकायला ताटात ठेवू नयेत. खालचं अंग ओलं राहतं आणि कौल पापडासारखं चारी बाजूंनी उचलतं. डासांच्या जाळीचा तुकडा ताणून त्यावर ठेवावीत, सकाळ-संध्याकाळ उलटावीत. पूर्ण सुकल्यावर दोन्ही बाजूंनी वॉर्निश. कोकणातल्या पावसाळ्याची हवा लागली की विनावॉर्निश कौलं चिवट होऊन खाली झुकतात.

रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर २७ मिलिमीटर. हे अंतर प्रत्येक ओळीला अर्धा मिलिमीटर चुकलं तर आढ्यापर्यंत साडेपाच मिलिमीटर तिरकं होतं. म्हणून मागच्या रिपेपासून पुढची मोजायची नाही. सगळ्या खुणा वळचणीपासून एकाच पट्टीने करायच्या. बसवणं खालून वर. आणि छप्पर बसवायच्या आधी लक्षात घ्यावं की हे सगळं अर्ध्या किलोच्या वर जातं. वासे बांबूच्या काड्यांचे करून भागत नाही.

सगळी कौलं एका विटकरी रंगात रंगवणं ही छपराची सर्वात मोठी चूक. तीन मिश्रणं करावीत. बहुतेक कौलं मूळ भाजक्या रंगाची, पाचातलं एक काळपट, आणि दहाबारा कौलं उजळ नारिंगी, जिथे मेच्या अखेरीस शाकारताना नवी घातली असतील तिथली. नवी कौलं एकेकटी विखरू नयेत. फांदी पडली किंवा माकडं नाचली की चार-सहा एकत्र फुटतात, म्हणून त्यांचा पुंजका करावा, तोही झाडाच्या बाजूला. शेवाळ हिरवंगार काढलं तर घर पावसात उभं आहे असं होतं. उन्हाळ्यात ते काळं पडलेलं असतं. ऋतू एकच धरावा आणि तो आत-बाहेर पाळावा. छपरावर पावसाळा आणि अंगणात वाळत घातलेली आमसुलं, हे नजरेला लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

वळचणीखाली अंगणात पागोळ्यांची रेघ असते, पाणी पडून पडून झालेल्या खळग्यांची. ती अंदाजाने ठोकायची नाही. प्रत्येक कौलाच्या खोलगट भागातून एक धार पडते, तेव्हा खळगे १७.५ मिलिमीटरच्या अंतरावर, बरोबर वळचणीच्या ओळंब्यात. दोऱ्याला टाचणी बांधून तो ओळंबा घ्यावा. अंगणाची माती अर्धवट ओली असताना गोल टोकाच्या काडीने दाबावं, आणि खळग्यात थोडी बारीक वाळू टाकावी, कारण माती वाहून जाते आणि वाळू मागे उरते. ही सव्वीस टिंबं पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. पण ती काढली की घर जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं, आणि घातली की जमिनीतून वर आल्यासारखं.

आतली जमीन सारवलेली. मलमलीतून चाळलेली माती चार भाग, कागदाचा लगदा एक भाग, फेविकॉल दोन भाग, पुरेसं पाणी. खरं शेण वापरू नये. त्यातली गवताची काडी या मापात लाकडाच्या ओंडक्याएवढी दिसते. सारवणाऱ्या हाताची कमान दीड फुटाची असते, इथे दीड इंचाची, आणि बोटांचे वळ मिलिमीटरभराचे. राठ केसांचा एक इंची सपाट ब्रश जवळजवळ कोरडा करून कमानी ओढाव्यात, एकीवर दुसरी, आतल्या भिंतीकडून दाराकडे. बाई मागे सरकत सारवते आणि शेवटी बाहेर पडते, हे कमानींच्या दिशेत दिसलं पाहिजे.

लाकडासाठी सागाचा मोह पडतो. पण सागाची रेघ ठळक, आणि बाराव्या हिश्शाच्या खांबावर ती एवढी मोठी दिसते की खांब तुकड्यातून कापलेला आहे हे लपत नाही. हळदूचं लाकूड मिळालं तर उत्तम, त्याची रेघ जवळजवळ दिसतच नाही, नाहीतर शिवणीचं. सागाचा रंग द्यावा, साग वापरू नये. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करत. तो मऊ नि हलका, फळं-भाज्या कोरायला चांगला, पण चौकटीला नको, धार राहत नाही.

भांड्यांपाशी आलं की प्रत्येकाला घरातली भातुकली आठवते. ती बाहेर काढावी, हातात घ्यावी, आणि परत ठेवून द्यावी. भातुकलीचा हंडा दोन इंची असला तरी या घरात तो दोन फुटांचा होतो आणि शेजारची चूल त्याच्यापुढे बुडकुली दिसते. भातुकली मुलीच्या हाताच्या मापाने घडवलेली असते, तिच्यात खरोखर भात शिजवून बघायचा असतो. बाहुलीघर डोळ्याच्या मापाचं असतं. दोन्ही सुंदर, पण एकत्र नांदत नाहीत. ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमन यांचं १६८६ ते १७१० च्या दरम्यानचं बाहुलीघर आहे. त्यासाठी चिनी मातीची भांडी मापानुसार चीनहून करवून आणली होती. जवळचं, तयार असलेलं चालवून घेतलं नाही, हे त्या घराकडे बघताना लगेच कळतं.

ताट एक इंचाचं, वाटी सात मिलिमीटरची. टिचबटणाचा खोलगट अर्धा भाग म्हणजे तयार वाटी. हंडा ३० मिलिमीटरचा, तो ०.१ मिलिमीटर तांब्याच्या पत्र्याचा, लाकडी साच्यावर दोन अर्ध्यांत ठोकून करावा. ठोकता ठोकता तांबं कडक होतं आणि गळ्याशी चिरतं. चिरण्याआधी थांबायचं, मंद लाल होईपर्यंत तापवायचं, पाण्यात बुडवायचं. पोलाद अशाने कडक होतं, तांबं मऊ पडतं. एका हंड्याला हे तीनदा तरी करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीतल्या भांड्यांवर मठारकामाचे जे ठोके दिसतात, ते इथे पाऊण मिलिमीटरचे हवेत. बोथट केलेल्या दाभणाने, आतून डांबराचा आधार देऊन, खालून वर ओळीने. एवढं झाल्यावर हंड्याचा वरचा भाग चिंचेने लख्ख करावा आणि बुडाला काजळी लावावी, कारण तो चुलीवर चढतो.

धान्याचा हिशोब मोठा गमतीचा. खसखशीचा दाणा या घरात हरभरा होतो, मिरी कांदा होते, आणि तांदूळ म्हणून बारीक रवाच चालतो. सोललेला नारळ म्हणजे रिठ्याची बी, वर तागाचे दोन धागे गुंडाळून. खऱ्या धान्याला किडा लागतो, म्हणून वॉर्निशमध्ये घोळवून घ्यावं. खळ वापरली असेल तर तिच्यात मोरचूद घालावं, पुस्तकं बांधणारे घालतात तसं. नाहीतर कसर आधी खळ खाते आणि मग घर.

कापड सर्वात हट्टी. वजन मापाच्या घनाने घटतं, १७२८ पट, पण सुताचा ताठरपणा तसा घटत नाही. म्हणून दांडीवर टाकलेलं लुगडं खाली पडतच नाही, पंख पसरून उभं राहतं. नऊवारीची लांबी इथे ६८ सेंटिमीटर, पन्हा दहा-अकरा. जुनी, शंभरदा धुतलेली मलमल घ्यावी, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून पिळावी, ॲल्युमिनियमच्या कागदावर टाचण्यांनी चुण्या पाडून सुकवावी. चुण्या सारख्या पाडू नयेत; ओल्या लुगड्याचं एक टोक नेहमी जास्त ओढ घेतं. गोधडीचे टाके सुईने घालण्याचा हट्ट सोडावा. खरा टाका पाच मिलिमीटरचा, इथे अर्ध्याहून कमी. एकपदरी रेशमाने मिलिमीटरभर टाके घालावेत आणि मधले अगदी बारीक पेनाने काढावेत. डोळा ते मान्य करतो.

दिव्यांचं फार काही नाही. पाच व्होल्टचा चार्जर, पिवळसर उजेडाचे एलईडी, प्रत्येकाला एक किलोओहमचा रोध. कंदिलाला तेवढा मंद प्रकाशच शोभतो. भिंत बंद करण्याआधी दिवे एक रात्रभर चालू ठेवून बघावेत.

चुलीमागची काजळी कोरड्या खडूच्या भुकटीने, खालून वर, वर जाईल तशी रुंद, आणि वाशांच्या पोटावर सगळ्यात दाट. दाराच्या चौकटीला हात लागून लागून तेलकट झालेला भाग साडेतीन ते चार इंचांवर येतो. उंबऱ्याचा मध्य कानसेने किंचित झिजवावा. बाहुली मात्र आत ठेवू नये. तिचा चेहरा या मापात कुणालाच नीट साधत नाही, आणि ती आली की सगळं तिच्याभोवती थिजतं. त्यापेक्षा विळीवर अर्धी खवलेली वाटी, शेजारी खोबऱ्याचा कीस, पाट जरासा तिरका.

सगळं झालं की ३ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकची पेटी लागते, कारण धूळही लहान होत नाही. कापसाचा एक तंतू या अंगणात दोरखंडासारखा पडलेला दिसतो. पेटीच्या तळाशी हवा खेळायला बारीक फट आणि कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी, ती पावसाळ्यात दर पंधरवड्याला गरम करून सुकवावी.

पेटी बसवण्याआधी शेवटची तपासणी. माणसाचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणून मोबाइल उलटा धरून त्याचं भिंग पडवीच्या जमिनीपासून पाच इंचांवर आणायचं आणि आतल्या दिशेने फोटो घ्यायचा. पाटावर बसलेल्याच्या नजरेने दुसरा, अडीच इंचांवरून. वरून महिनोन्‌महिने पाहताना जे दिसलं नव्हतं ते या फोटोत दिसतं: कोनाड्याची राहिलेली कच्ची कड, हंड्याच्या गळ्याशी चकाकणारा डिंकाचा थेंब, आणि सारवणात रुतून बसलेला ब्रशचा एक केस, चुलीपासून उंबऱ्याच्या दिशेला. बारीक चिमट्याने तो उचलायचा, तिथे ओलं बोट टेकवून कमान पुन्हा जुळवायची, आणि सुकेपर्यंत थांबायचं.